यादीत नसलेला शब्द

आधीच सांगतो, मला असल्या गोष्टींचा तिटकारा आहे. मी माझगावचा, कॅथलिक. ममा दर नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावते, मी फक्त पिशवी धरून उभा असतो. त्यात शिक्षण कॉम्प्युटर सायन्सचं. स्क्रीनवर काही भलतं उगवलं तर मागे कुणाची तरी चूक असते, एवढीच माझी श्रद्धा. नाव सांगत नाही. ‘मेल’ने सुरू होतं, तशी अर्धा डझन पोरं आमच्या एका गल्लीत सापडतील.

जागा... दक्षिण मुंबईतलं एक विद्यापीठ, दुसऱ्या मजल्यावरचा सेमिनार हॉल. दर गुरुवारी दुपारी तीनला रिसर्च टॉक. कपभर चहा, दोन बिस्किटं, आणि पहिल्या रांगेत डुलक्या काढणारे विद्वान.

सुजाता माझ्याबरोबर पीएचडी करत होती. परळच्या चाळीतली, घरात एवढं शिकलेली पहिलीच. आमचं काम म्हणजे बोललेलं मराठी ऐकून लगेच स्क्रीनवर लिहिणारं मशीन. पुस्तकी मराठी नाही हं – लालबाग-परळचं, वरळी कोळीवाड्यातलं. कल्पना तिची. आवाजही तिनेच गोळा केले, कोळणींच्या शेजारी पाटावर बसून, त्यांची सुखदुःखं ऐकत. मी नुसता मागे रेकॉर्डर घेऊन.

“ए मेल्या, माइक सरळ धर ना!” असं सारखी ओरडायची. माझ्या नावाचा तिने केलेला शॉर्टफॉर्म. आधी राग यायचा, मग सवय झाली, मग... जाऊ दे.

या शब्दावरून एकदा मोठं भांडण झालं. आमच्या मशीनला शब्दांची एक यादी दिलेली होती. यादीत नाही तो शब्द ते लिहूच शकत नाही, बनवलंच तसं होतं. सरांनी, म्हणजे आमच्या गाइडने, फर्मान काढलं की यादीत शिव्या नकोत. त्यात ‘मेल्या’ही गेला.

“सर, ती शिवी कसली?” सुजाता म्हणाली. “आमच्याकडे आई पोराला मेल्या म्हणूनच जेवायला बोलवते. माया असते त्यात.”

“बाहेरच्या लोकांसमोर वाईट दिसतं,” सर म्हणाले. तिने नकार दिला, म्हणून तो शब्द यादीतून मी काढला. माझ्या हाताने.

त्याच पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. नऊ दिवसांत संपलं सगळं.

आणि सरांनी आमच्या रिसर्च पेपरवरून तिचं नाव उडवलं. कारण काय, तर फॉर्मवर सही कोण करणार? वारलेल्या माणसाला सही करता येत नाही, म्हणजे त्याने काम केलंच नाही! वा रे न्याय! तिच्या जागी पहिलं नाव माझं आलं. माझा थिसिस सरांच्या सहीसाठी अडकला होता. मी मूग गिळून गप्प बसलो.

मग एका गुरुवारी याच कामावर सरांचा टॉक ठरला. सुजाताच्या बाबांना मीच फोन केला. “काका, नक्की या. शेवटच्या स्लाइडवर तिचं नाव आहे, मी घातलंय.” काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि शेवटच्या रांगेत बसले.

सर मुद्दाम मराठीत बोलले. बाजूच्या स्क्रीनवर मशीन त्यांचं वाक्य न वाक्य लिहीत होतं, अगदी न चुकता. आम्ही कोळीवाड्यात फिरलो, आम्ही त्या बायकांचा विश्वास मिळवला... हा माणूस कोळीवाड्यात एकदाही गेलेला नाही. वासाने डोकं दुखतं म्हणे! वर वेळ संपला म्हणून शेवटची स्लाइड न दाखवताच “थँक्यू” म्हणून मोकळे झाले.

दुसऱ्या कॉलेजातल्या एक वयस्कर मॅडम उठल्या. “या बायका इतक्या मोकळेपणी बोलल्या कशा? त्यांच्याशी बोललं कोण?”

“हा सांगेल,” म्हणत सरांनी माइक माझ्या हातात दिला.

मी उभा राहिलो. मागे काका खुर्चीत पुढे सरकून बसले. सुजाताचं नाव अगदी जिभेवर होतं. सर माझ्याकडे बघत होते. हॉलमध्ये कुणीही बोलत नव्हतं, फक्त एसीची घरघर. आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली –

मेल्या, बोल ना.

दोघंतिघं हसले. “डेमोच्या वेळीच मशीन रुसतं,” सर म्हणाले.

मी ते वाचलं. तरी मी काय बोललो माहितीय? “आम्ही सगळ्यांनी मिळून केलं, मॅडम.” टाळ्या पडल्या. माझं ते वाक्य मशीनने लिहिलं नाही. लॅपटॉप बंद करेपर्यंत आधीचे तीनच शब्द तिथे होते.

जिन्यात काकांनी गाठलं. “नाव कधी आलं रे तिचं? माझ्या नजरेतून सुटलं वाटतं.”

“शेवटी आलं, काका. पटकन गेलं.”

“असेल, असेल. ते ‘मेल्या’ तेवढं वाचलं मी. घरी तुझ्याबद्दल असंच बोलायची. मेल्या आज डबाच विसरला, मेल्याला सर्दी झालीय...” माझ्या पाठीवर हात ठेवून ते हळूहळू उतरून गेले. त्या दिवशी मला माझीच शिसारी आली.

नंतर यादी तीनदा तपासली. तो शब्द नाही. त्या टॉकचं रेकॉर्डिंग ऐकलं. मी माइक घेऊन नुसता उभा होतो, त्या अकरा सेकंदांत फक्त एसी, साधा खोकलाही नाही. मित्र म्हणतात, शांतता असली की अशी मशीनं काहीबाही लिहितात. लिहितात ना, मान्य. पण यादीतले शब्द लिहितील! कुणी चेष्टा केली म्हणावं, तर लॅपटॉपला नेट नव्हतं आणि तो माझ्याच समोर होता. मला आजही याचा उलगडा झालेला नाही.

थिसिसवर सरांची सही झाली. आता नावाआधी डॉक्टर लावतो. सध्या नोकरीसाठी त्यांचंच शिफारसपत्र हवंय.

हे लिहिलं तेव्हा तिचं खरं नाव लिहिलं होतं, आडनावासकट. पण सर असलं काहीबाही वाचत असतात. म्हणून पाठवण्याआधी ते खोडलं आणि ‘सुजाता’ टाकलं.