समुद्रातून निघालेला दुधी

जेवायच्या आधी हे वाचू नका, मंडळी.

माझी बायको आणि लंडनची मेहुणी शैला, दोघींनी दर रविवारी फोनवर एकत्र खेळायला एकच मासेमारीचा गेम घेतला. आज गोव्यात केरीच्या घरी बसून बायकोने पहिलं जाळं ओढलं.

"गो शैला, माझ्या जाळ्यात दुधी आयलो."

"ताई, माझ्या जाळ्यात इसवण आहे, चांगली मोठी सुरमई."

गेमवाल्यांनी भारतीय आवृत्तीतून मासेच काढून भाज्या घातल्यात, म्हणे कुणाच्या भावना दुखावू नयेत. वर सूचना आली, देश वेगळे, सोबत खेळता येणार नाही.

खाऱ्या पाण्यातला तो गुळगुळीत दुधी बघून मला मळमळलं.

बायकोने फोन उपडा ठेवला. "सोमवारी मासे नकोत हे आमचे आम्ही ठरवले. उरलेले सहा दिवस ह्यांका कोणी दिले?"

तुमच्यापैकी कुणी दिलेत काय?