न्हाणीतलं ब्राझील

जरा सरकून जवळ बस बाई, अशी लांबून वाचू नकोस. एक डोळा कागदावर, एक मोबाईलवर, अशानं तुला आमचे भाऊजी कळायचे नाहीत. आता पहिलीच गोष्ट सांगते आणि ती तू निमूटपणे खरी मान. ब्राझीलच्या जंगलात सगळ्यात जास्त रमलेला माणूस ब्राझीलमध्ये नाही, तो आमच्या बालाघाटात आहे, आणि त्याचा पासपोर्टसुद्धा निघालेला नाही. राजेगावच्या पुढे गोंदिया, गोंदियाच्या पुढे नागपूर, इथं त्याचा परदेश संपतो.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, ताईचे यजमान. सारी उमर मँगनीजच्या खाणीत गेली, जमिनीच्या पोटात, डोक्यावरच्या दिव्यापुढं जेवढं दिसेल तेवढ्या जगात. रिटायर झाले तेव्हा आम्हाला वाटलं, आता माणूस अंगणात खुर्ची टाकून ऊन खात बसेल. ते गेले रद्दीच्या दुकानात जुनी वर्तमानपत्रं विकायला, आणि येताना वर्षावनाचं एक हिंदी चित्रांचं पुस्तक घेऊन आले. पुढची पानं फाटलेली, मागचीही फाटलेली. त्यामुळे ते पुस्तक कुणी लिहिलं हे त्यांना ठाऊक नाही, आणि त्या जंगलाचं शेवटी काय होतं हेही नाही. मधलं मात्र तोंडपाठ. त्यात एका चित्रात जंगलाचे मजले काढले होते. ते चित्र घेऊन भाऊजी भर दुपारी माझ्या घरी धापा टाकत आले.

"छोटीबाई, हे पाय! हे तं आपली खाणच होये! आमची लेव्हल वरून खाली जाते, यांची खालून वर. सगळ्यात वर ऊन खाणारे साहेब लोक. मंधात बंदर, पक्षी, सगळा आरडाओरडा करणारा स्टाफ. अन् तळाले अंधारात आम्ही!"

मी म्हटलं, "भाऊजी, अंधारात झाड जगते कसं?"

"तळाचं झाड पान मोठं काढते. थोडासाच उजेड येते, तो सुटला नाही पायजे." आणि मग चित्रावर बोट ठेवून हळूच म्हणाले, "आमची जात होये हे."

त्या दिवसापासून ताईच्या घरात जंगल शिरलं. तू म्हणशील, बालाघाटात जंगलाची काय कमी? सालाची झाडं आहेत, बांबू आहे, मोहाच्या फुलांचा वास तर घरात येतो. पण भाऊजी म्हणत, आपलं जंगल उन्हाळ्यात उपास धरते, पान टाकते. त्यांना पाहिजे होतं बारमाही ओलं. आणि बारमाही ओल ताईच्या घरात एकाच जागी होती, मागच्या न्हाणीत. तिथं आधी मनी प्लांट गेला, मग फर्न, मग लाल पानासारखं फूल येणारा अँथुरियम, नारळाच्या सालीला बांधलेलं ऑर्किड, छपराला टेकलेलं रबराचं झाड आणि अननसाचा शेंडा. अशी अकरा झाडं, आणि त्यात सगळ्यात लाडकी ती भोकाभोकाच्या पानांची वेल. भिंतींना ओलं बारदान. खिडकीला हिरवी जाळी. घरातल्या माणसांसाठी कायदा असा की आंघोळ गरम पाण्यानंच करायची, दार घट्ट लावायचं आणि वाफ झाडांनी पुरती पिऊन होईपर्यंत बाहेर यायचं नाही. मे महिन्यात, बाई! आम्ही उकळत्या पाण्यानं न्हाऊन बाहेर यायचो आणि अंगणातल्या लूची झळसुद्धा आम्हाला थंडगार वाटायची.

पाहुण्याची किंमत भाऊजी वाफेवरून करत. परसवाड्याहून त्यांचे चुलते आले की आनंद, कारण ते दोन घागरी कढत पाणी घेत. "काकाजी आले की फर्न दोन बोटं वाढते," म्हणत. उलट त्यांचा स्वतःचा जावई एकदा थंड पाण्यानं भडाभडा आंघोळ करून पाच मिनिटांत बाहेर आला, तर जेवताना त्याच्याशी बोलले नाहीत. पोरगी रडकुंडीला आली. "बाबा, काहून रागावले तुम्ही त्याइच्यावर?" तर म्हणे, "मी कुठं रागावलो? दुष्काळासंग काय बोलावं?"

झाडं झाली तर जनावरं पाहिजेत. बिबट्यासारखा तो ठिपक्यांचा जॅग्वार आणायचा बेत नव्हता एवढं आमचं नशीब. पण पुस्तकात होतं की तिकडं अननसाच्या भावकीतल्या झाडांच्या पानांत पाणी साचतं आणि त्या पाण्यात बेडूक आपली पिलं वाढवतात. झालं! भाऊजींनी नालीतून दोन बेडूक धरून आणले आणि अननसाच्या शेंड्यात बसवले. बेडकांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. एक ताईच्या भिजवलेल्या डाळीत गेला. दुसरा साबणाच्या डबीत राहिला, आणि डोळ्यांत फेस गेलेला असताना मी जो साबण हातात घेतला, त्यानं माझ्या हातातून उडी मारली. मी किंचाळले ते शेजारच्या मोहल्ल्यापर्यंत ऐकू गेलं. दाराबाहेरून भाऊजींनी काय विचारावं? "छोटीबाई, त्याले लागलं तं नाही ना?"

तिकडच्या झाडांवर स्लॉथ म्हणून एक अतिशय संथ जनावर लटकलेलं असतं, आठवड्यातून एखाद्या वेळी खाली उतरतं, त्याच्या केसांत शेवाळ उगवतं. भाऊजींचा त्याच्यावर फार जीव. आमचा भाऊ खाटेवरून उठत नाही म्हणून ताई कुरकुरली की ते म्हणायचे, "बिलकुल स्लॉथ होये तो, देवमाणूस." आमच्या भावाला वाटायचं, काहीतरी मोठा हुद्दा आहे. तो मिशीवरून हात फिरवायचा.

असं सगळं हिरवंगार चाललं होतं, आणि भाऊजींना खोकला लागला. आधी जिना चढताना, मग अंथरुणातून उठताना, मग नुसतं बोलताना दम. ताईनं त्यांना गोंदियाला डॉक्टरकडे नेलं, मीही गेले. डॉक्टरनं छाती तपासली, फोटो काढला आणि विचारलं, "घर में इतनी सीलन कहाँ से आती है?"

ताई म्हणाली, "ब्राझील से."

डॉक्टर हसला नाही. म्हणाला, छाती आधीच जुनी, त्यात ही ओल आणि बुरशी. घर कोरडं करा, नाहीतर श्वास जाईल. ओल आणि श्वास, दोन्ही एका घरात नाही राहणार.

परतताना बसमध्ये भाऊजी राजेगाव येईपर्यंत बोटांवर झाडं मोजत होते. मग म्हणाले, "फेकायचं नाही. अकरा पोरी हायेत घरात. स्थळं पाहू."

आणि बाई, खरंच स्थळं पाहिली! धुतलेला पांढरा शर्ट घालून, हातात काठी, खिशात घडी घातलेली झाडांची यादी. मी सोबतीला, कारण बोलणी करायला कुणीतरी पाहिजे. कापडवाल्या शेठनं हौसेनं ऑर्किड मागितलं होतं. मोठा हॉल, चहा, काजू. भाऊजींनी छताकडे पाहिलं, एसीकडे पाहिलं आणि काजूला हात न लावता उठले. रस्त्यात म्हणतात, "घराणं चांगलं हाये, पण पोरगी वाळून जाईन." फर्न दिला इडलीवाल्याच्या खिडकीत, कारण तिथं पहाटेपासून वाफ. अँथुरियम गेला लॉण्ड्रीवाल्या भाभीकडे, तिच्या ओल्या चादरींच्या आड. ऑर्किड रामपायलीला गेलं, तळ्याकाठच्या एका मास्तरणीकडे. आणि रबराच्या झाडासाठी तर त्यांनी उसना म्हणजे उकड्या तांदळाची मिल गाठली, जिथं धान उकडतात आणि अंगणभर वाफेचे ढग असतात. मिलवाला गोंधळला. "दादाजी, पेड का मैं करूंगा क्या?" भाऊजी म्हणाले, "कुछ नहीं करना. बस इसको अपने घर का समझना." आणि धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसायला लागले.

शेवटी राहिली भोकाच्या पानांची वेल. ती माझ्या दारात आणून ठेवली. मी म्हटलं, "भाऊजी, माझ्याकडं ना मिल ना इडली. काहून आणली इथं?"

"तू दिवसभर बोलून राह्यतं. तेवढी ओल तिले पुरते."

असं म्हणून खाली बसले, आणि पानातल्या भोकातून बोट घालून मला दाखवलं. "हे कायले पाडते ते, मालूम हाये? वरच्या पानाले उजेड भेटला ना, तं ते सगळा स्वतः ठेवत नाही. भोक पाडते, खालच्याले जाऊ देते. खाली कोणी अंधारात हाये, हे त्याले मालूम असते."

ताईची न्हाणी आता कोरडी आहे. पांढरी फरशी चमकते, आवाज घुमतो. ज्या ताईनं इतकी वर्षं कटकट केली ती परवा मला म्हणाली, "आता गरम पाणी घेऊन काय करू? कोणाले वाफ देऊ?" भाऊजींचा खोकला उतरला, पण दम पहिल्यासारखा राहिला नाही. आधी ते रोज गावातल्या सगळ्या सासरी फेरी मारायचे, इडलीवाल्याला रागवायचे, भाभीच्या चादरी सरकवायचे. आता फक्त माझ्या घरापर्यंत येतात. वेलीनं घर बदलल्याचा धसका घेतला, जुनी पानं गळाली, नवी आली ती लहान आणि सपाट, एकाही पानाला भोक नाही. भाऊजी रोज संध्याकाळी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसतात. म्हणतात, भोकाचं पान आलं की समज, पोरगी रमली. त्यानंतर मी येवो न येवो, असंही म्हणतात.

तसं म्हणू नका म्हटलं, तर ऐकत नाहीत.

परवा एक नवं पान निघालं आहे, अजून सुरळी आहे. चांगलं लांब आहे, आणि एका कडेला मला काहीतरी कापल्यासारखं दिसतं. भाऊजींना मी अजून सांगितलं नाही, त्यांनाही दिसलं असेल, तेही बोलत नाहीत. तू असं कर, वाचणं झालं असेल तर ऊठ आणि गाडी पकड. त्यांना नवं माणूस पाहिजे, सगळे मजले पहिल्यापासून सांगायला. आम्हाला सांगून सांगून त्यांचा दम वाया जातो. ये बरं लवकर, ती सुरळी उलगडायच्या आत. आणि आलीस की माझ्या न्हाणीत गरम पाण्यानंच आंघोळ कर, दार लावून. ते बाहेर खुर्चीवर ऐकत असतात, पाहुणा वाफेचा आहे की दुष्काळाचा.