सत्ताधीशाच्या मागची चादर

आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारा परदेशी विद्यार्थी यासिन दर शुक्रवारी आपल्या देशाच्या सत्ताधीशाचे भाषण आमच्या मोठ्या टीव्हीवर पाहतो. तिकडे यादवी पेटली आहे आणि फोन बंद आहेत. भाषण राजभवनाच्या सज्ज्यातून, शहराकडे पाठ करून होते. त्याच्या मागे दिसणाऱ्या इमारतीच्या गच्चीवर यासिनची आई नेमकी त्याच वेळी पिवळी चादर वाळत घालते. तेवढीच तिची खुशाली.

"काकू, त्याची बडबड सोडा, चादर बघा," तो हसून म्हणतो.

काल मात्र सत्ताधीश बंद दालनात जाड पडद्यापुढे बसला होता. सारे सुरळीत आहे, असे सांगताना त्याने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. सत्ता राखण्यासाठी माणूस आधी शहर सोडतो, मग रस्ता, मग खिडकीही. आणि उरलेल्या खुर्चीलाच देश म्हणू लागतो, असे मला वाटून गेले. कदाचित माझे चुकतही असेल.

"पडदा सरकव ना रे, म्हाताऱ्या!" यासिन पुटपुटला.

भाषण संपल्यावर त्याने ते पुन्हा पहिल्यापासून लावले. पडद्याच्या कडेला उजेडाची एक बारीक फट होती. तिच्यात कोणताही रंग दिसतो का, हे आम्ही दोघे बराच वेळ पाहत राहिलो.