वकीलसाहेब कुठल्या दाराने गेले

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आजही पनवेलच्या वकीलसाहेबांकडे बोट दाखवतो. ते आमचे आमदार होते. पुढे लिहिणार आहे ते त्यांच्याविरुद्ध आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

पनवेल आणि उरणच्या मध्ये, खाडीकाठी आमचं गाव. मी मॅट्रिक झालो तेव्हा पुढे काय करायचं असतं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. वकीलसाहेबांनी मला मुंबईच्या वसतिगृहात जागा मिळवून दिली, कॉलेजची फी माफ करवून घेतली आणि पहिल्या दिवशी स्वतः बरोबर येऊन प्राचार्यांना सांगितलं, "हा माझाच मुलगा समजा." बी.ए. होऊन परत आलो तेव्हा त्यांच्याच संस्थेच्या शाळेत त्यांनी मला मास्तर म्हणून लावून घेतलं. शाळा सुटली की मी त्यांच्या घरी जाऊन त्यांची पत्रं लिहीत असे, विधानसभेचे छापील अहवाल लावून ठेवत असे. वाचतही असे. भाषणात ते आमची खाडी, आमची मिठागरं, डोंगरातल्या कातकऱ्यांची मजुरी यांवर पोटतिडकीने बोललेले असत. मत मात्र दर वेळी पक्षाच्या बाजूने. मला त्यात वावगं वाटत नसे. पक्षाने तिकीट दिलं, पक्षाला मत दिलं, इतका तो सरळ व्यवहार वाटायचा.

मग खाडीच्या बांधांचं बिल आलं.

आमची भातशेती खाडीला बांध घालून राखलेली. बांधात पाणी सोडायची जागा असते, तिला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला तिच्या फळ्या उचलून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, भरती लागली की फळ्या पाडायच्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथे माणूस हजर लागतो, आणि ती पाळी गावात घराघरांवर फिरत असे. आजारी असलं तरी घराने पाळी चुकवायची नाही, हा गावाचा कायदा. एकदा खारं पाणी आत शिरलं की पुढचे दोन-तीन पावसाळे जमीन धुतली गेल्याशिवाय भात धड येत नाही. नव्या बिलात उघाड्यांचा ताबा गावाकडून काढून तालुक्याच्या एका अंमलदाराकडे द्यायचा होता.

वकीलसाहेब आमच्या घरी आले. अंगणात बसून सुकट-भाकरी खाल्ली, आणि वडील बोलत होते ते सगळं उतरवून घेतलं. वडिलांनी त्यांना उघाडीवर नेलं, पाणी कुठवर चढतं ते दाखवलं. जाताना साहेब म्हणाले, "सभागृहात तुमचं तोंड मी होईन. ऐकायला या."

त्यांनी पास पाठवले. वडील, गावचे दोघे जाणते आणि मी, असे उरणजवळच्या मोरा बंदरातून लाँचने मुंबईला गेलो. वडिलांनी लग्नकार्यात घालायचा कोट घातला होता. विरोधी बाकावरच्या एका सदस्याने दुरुस्ती मांडली होती की उघाडीचा ताबा गावाकडेच राहावा. वकीलसाहेब सरकार पक्षाचे, तरी उठले आणि तेच म्हणणं मांडायला लागले. असं भाषण मी पुन्हा ऐकलं नाही. घराघरांवर फिरणारी पाळी, उधाणाची वेळ, अंमलदार पनवेलच्या कचेरीत बसून फळ्या कशा पाडणार, सगळं आलं. वडील ओठ हलवत पुढचं वाक्य आधीच म्हणत होते. दोघे जाणते माझ्याकडे असं बघत होते की जणू मीच भाषण करतोय.

मग मतं घ्यायची वेळ आली. मी वडिलांना हळू आवाजात समजावलं, दुरुस्ती हवी असणारे उजव्या दाराने बाहेर जातील, नको असणारे डाव्या. घंटा झाली. सगळे उठले. वकीलसाहेबांनी चष्मा पुसला, फाईल काखेत घेतली आणि ते डाव्या दाराकडे चालू लागले.

साहेबांना मोतीबिंदू झालेला होता. वडिलांना वाटलं, दिसत नाही म्हणून चुकले. ते गॅलरीत ताडकन उभे राहिले आणि शेतातून हाक मारावी तशी हाक मारली, "ओ वकीलसाब, तिकरं नाय! इकरं, इकरं!"

सभागृह हसलं. विरोधी बाकांवरचा कुणीतरी मोठ्याने म्हणाला की गॅलरीला कळलंय, सदस्यांना कधी कळायचं. साहेबांनी वर पाहिलं नाही. ते डाव्या दाराने गेले. शिपायांनी आम्हाला दंडाला धरून बाहेर काढलं, वडिलांच्या कोटाची बाही उसवली.

थोड्या वेळाने साहेब व्हरांड्यात आले. रागाने त्यांचा चेहरा काळवंडला होता. खेडवळ माणसं इथे आणायची नसतात हे मला कळायला हवं होतं, असं ते माझ्याकडे बघून म्हणाले, वडील समोर उभे असताना. वडिलांना अजून वाटत होतं की काहीतरी गैरसमज आहे.

"साब, तुमी चुकून गेलाव ना तिकरं?"

"चुकून नाही. पक्षाचा हुकूम होता."

"मंग बोललाव ते?"

"बोलायची परवानगी मी पक्षाकडून घेतली होती," साहेब म्हणाले. "मत द्यायची नव्हती."

परतताना लाँचमध्ये वडील खाडीच्या पाण्याकडे बघत बसले होते. मोरा जवळ आला तेव्हा म्हणाले, "आपन सांगितला ता सगला बोलला रे तो. एक शबुद सोरला नाय." साहेब भाषण विसरले असते, अर्धवट बोलले असते, तर मला इतका संताप आला नसता. त्यांना सगळं कळलं होतं. आमच्यापेक्षा चांगलं मांडता येत होतं. आणि तरी ते उठून दुसऱ्या दाराने गेले. बेइमान माणसाला निदान आपण काय करतोय याची लाज असते; ही लाजच पक्षाने त्यांच्याकडून काढून घेतली होती, आणि तिच्या जागी इमानाचा बिल्ला दिला होता.

दुरुस्ती पडली, कायदा झाला. उघाडीच्या फळ्यांना साखळी आणि कुलूप आलं, किल्ली सरकारी रखवालदाराकडे. तो पनवेलला राहायचा. भाद्रपदातल्या उधाणाच्या दिवशी ओहोटीला पावसाचं पाणी काढायला त्याने फळ्या उचलल्या, तशाच वर ठेवून कुलूप लावलं आणि बाजाराला निघून गेला. भरती चढली. पोटरीत आलेल्या, कणसं धरू लागलेल्या भातात खारं पाणी शिरायला लागलं तेव्हा वडिलांनी पहारीने कुलूप फोडलं आणि फळ्या पाडल्या. बांधालगतची शेतं तरी गेलीच, आमचंही त्यातच. वर सरकारी मालाची मोडतोड केली म्हणून वडिलांवर पनवेलच्या कोर्टात खटला आला.

त्याच सुमाराला निवडणूक लागली. वकीलसाहेबांनी ते भाषण छापून त्याची पुस्तिका केली होती. मला घरी बोलावून त्यांनी एक गठ्ठा पुढे सरकवला. रविवारी गावात देवळापुढे सभा, तिथे तू हे वाचायचं, तुझ्या तोंडून गावाला पटेल, म्हणाले. मी विचारलं, भाषण झाल्यावर आपण कुठल्या दाराने गेलात, तेही वाचायचं का.

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "अंगात सदरा आहे तो कुणामुळे? खिशाला पेन आहे ते कुणामुळे? मी पक्षाशी एकदाही बेइमानी केलेली नाही. आणि तुला एका माणसाशी इमान राखता येत नाही?"

मी गठ्ठा उचलला आणि जायला उठलो. तेव्हा आवाज खाली आणून ते म्हणाले की वडिलांचा खटला काढून घ्यायला लावतो, वर एक शब्द टाकला की झालं. तू रविवारचं तेवढं बघ.

घरी येऊन मी वडिलांना सगळं सांगितलं. ते आईला उसवलेल्या कोटाला टाका घालायला सांगत होते, कोर्टाची तारीख जवळ आली होती. माझं ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाले, "माजा खटला माजा हाय. तुजा तोंड तुजा हाय."

दुसऱ्या दिवशी मी हे पत्र पाठवलं. त्याची प्रत माझ्याजवळ आहे.

आदरणीय वकीलसाहेबांस सा. न. वि. वि.

पुस्तिकांचा गठ्ठा घरी आणला आहे. रविवारी देवळापुढे मी भाषण वाचीन. एकही शब्द गाळणार नाही, कारण त्यातले बरेच शब्द आमच्याच अंगणातले आहेत. वाचून झालं की आपण त्या दिवशी कुठल्या दाराने गेलात तेही सांगेन. दोन्ही सांगणं आपल्याला चालत नसेल तर आपण दुसरा माणूस पाहावा.

वडिलांच्या खटल्यासाठी कुणाकडे शब्द टाकू नये. कुलूप त्यांनी फोडलं आहे आणि ते तसंच सांगणार आहेत. का फोडलं असं विचारलं, तर आपली पुस्तिका कोर्टात द्यावी असा माझा विचार आहे. त्यात सगळं कारण आलेलं आहे.

आपण मला शिकवलंत, हे मी मरेपर्यंत सांगत राहीन. पण पक्षाने तिकीट दिलं म्हणून आपण पक्षाला मत दिलंत, तसं आपण शिक्षण दिलंत म्हणून मी आपल्याला गाव द्यावं, असं आपलं म्हणणं दिसतं. गाव माझं एकट्याचं नाही, ते मला देता येत नाही. शाळा आपल्या संस्थेची आहे. माझ्या नोकरीचं आपण ठरवाल ते मी ऐकेन.

आपण पुन्हा निवडून आलात आणि उघाडीचा प्रश्न पुन्हा मताला आला, तर वडिलांसाठी गॅलरीचा एक पास पाठवावा. ते आता हाक मारणार नाहीत. बसून बघतील.

लोभ आता राहणार नाही हे जाणून आहे. तरी हे कळावे.

आपला विद्यार्थी