आईने झाडलेली वाळू

जळगावातल्या आमच्या घराच्या बाजूला, कुंपणाची भिंत आणि स्वयंपाकघराची खिडकी यांच्यामध्ये, बारा पावले लांब आणि पाच पावले रुंद अशी एक पट्टी आहे. दीड वर्षापूर्वी तिच्यावर आम्ही कृत्रिम गवत अंथरून घेतले. हिरवळीची हौस म्हणून नव्हे. आईचे खुब्याचे हाड मोडले होते, शस्त्रक्रिया झाली होती आणि धुळ्याचे घर बंद करून तिला मी माझ्याकडे आणले होते. रोज चालायला हवे, असे डॉक्टर म्हणाले. अनवाणी चालले तर पायांना जमीन नीट कळते. मग फाईल मिटता मिटता, जणू सहज आठवावे तसे, त्यांनी सांगितले की पुन्हा पडणे मात्र परवडणार नाही.

ते वाक्य माझ्या कानात घर करून राहिले. घरातली प्रत्येक फरशी मला ओली वाटू लागली. न्हाणीघराचा उंबरा, पायपुसण्याची मुडपलेली कड, गॅसपाशी सांडलेला तेलाचा थेंब, सगळीकडे आई पडताना दिसायची. त्या भीतीपोटी मी मऊ जमीन शोधत होते. आमच्याकडे अलीकडे जागोजागी क्रिकेटची जाळीबंद मैदाने झाली आहेत. ती मैदाने अंथरणारा एक कारागीर एवढ्याशा तुकड्याच्या कामाला कसाबसा तयार झाला.

त्याने हिरवी चटई पसरली, जोड चिकटवले, आणि मी हात झटकून आत जाणार तोच पिशव्या फोडून गवतावर वाळू ओतायला सुरुवात केली. फिकट, गोल कणांची, धुतलेल्या तांदळासारखी स्वच्छ वाळू. ताठ ब्रशाने ती तो पात्यांच्या मुळाशी जिरवत गेला. मी विचारले तेव्हा म्हणाला की हीच खरी माती समजा; हिच्यामुळे पाते उभे राहते, चटई जागच्या जागी बसते, पाय सरकत नाही. मी मान हलवली. आई तेव्हा आत औषधाच्या गुंगीत झोपली होती. उठल्यावर मी तिला गवत दाखवले, त्याचा रंग दाखवला. वाळूविषयी सांगायचे सुचलेच नाही.

आईचा जन्म दोंडाईचाजवळच्या खेड्यातला. तिच्या आयुष्यातली एकही सकाळ झाडल्याशिवाय उजाडलेली नाही. लग्नानंतर धुळ्यातल्या दोन खोल्यांपुढे हातभर ओटा होता, तोही ती दोनदा झाडायची. दाराशी केर असणे हे तिच्या लेखी तोंड न धुता लोकांपुढे जाण्यासारखे होते. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या महिन्यात एका पहाटे मला खराट्याच्या आवाजाने जाग आली. खर्र, खर्र, मध्ये एक श्वास, पुन्हा खर्र. मी खिडकीशी गेले. आई काठी भिंतीला टेकवून, एका हाताने भिंत धरून, गवत झाडत होती. मला इतका आनंद झाला की मी तिला हाकही मारली नाही.

पुढे काठी गेली. खराटा दोन्ही हातांत आला. रोज साडेपाचला तो आवाज यायचा आणि मी अंथरुणातच डोळे मिटून तो ऐकत राहायची. आवाज येतो आहे तोवर आई पायांवर उभी आहे, हा माझा हिशेब होता. डॉक्टरांनाही मी मोठ्या कौतुकाने सांगितले. ते म्हणाले, छान, झाडू द्या.

होळीनंतर ऊन चढू लागले तसे गवताचे काहीतरी बिघडते आहे, असे मला वाटू लागले. पाती आडवी पडली होती आणि आडव्या पडलेल्या पात्यांवर तेलकट चमक आली होती. दुपारी खिडकीतून तापलेल्या प्लास्टिकचा कडवट वास यायचा. मधल्या जोडाशी चटईला एक सुरकुती पडली. आधी बोटभर, मग हातभर. मी ती पायाने दाबायची, ती पुन्हा वर यायची. उन्हाने होत असेल, असे मी स्वतःला समजावले. एका सकाळी चहा गाळताना मी खिडकीतून पाहिले तर त्या सुरकुतीवर आईचा पाय सरकला. ती पडली नाही. भिंतीवर तळहात टेकून ती तशीच वाकून उभी राहिली, आणि तिने आधी वळून पाहिले की मी बघितले का. मी गाळणी हातात धरून उभी होते. चहा ओट्यावर वाहत होता.

त्याच दिवशी मी कारागिराला बोलावले. तो दुपार उतरल्यावर आला. गुडघ्यांवर बसून त्याने पात्यांतून बोटे फिरवली, खिशातली आगकाडी काढून उभी खुपसली. काडी वाळूत रुतून उभी न राहता थेट खालच्या रबरावर टेकली.

"ताई, इथली वाळू कुठे गेली?"

मी पावसाचे नाव घेतले, वावटळींचे घेतले. तो हसला. आपल्याकडचा वारा धूळ आणून टाकतो, म्हणाला, तो काही नेत नाही. आणि पाण्याने गेली असती तर पाणी जायच्या नळीच्या तोंडाशी साचलेली दिसली असती. मग त्याने विचारले की रोज कोणी झाडते का.

दाराशी खुर्चीवर आई मेथी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"मी झाडस," ती म्हणाली. "आंगनमा वाळू कोन ठेवस?"

कारागीर भला माणूस होता. तो म्हणाला, "आजी, एवढं मन लावून झाडणारं माणूस मला मैदानावर मिळत नाही. तुम्ही माझ्याकडेच या." मी हसले. आई हसली नाही. तिने मेथीच्या काड्या गोळा केल्या, भिंत धरून उठली आणि आम्हांला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेली. तिथे गव्हाच्या दोन गोण्या होत्या, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी तोंडे बांधलेल्या. आत वर्षभराची वाळू. मजूर टाकून गेले असे तिला वाटले होते. एवढी चांगली वाळू फेकायची कशी, म्हणून तिने रोजची ओंजळ रोज भरून ठेवली होती. कोणाचे घर बांधायला निघाले की उपयोगी पडेल म्हणून. तिच्यात कडुनिंबाची पिवळी पाने होती, केसांची गुंतवळ होती, काळपट धूळ होती.

कारागिराने मूठभर उचलून चोळून पाहिली. चालेल, म्हणाला, चाळा, धुवा, खडखडीत वाळवा. बांधकामाची नदीतली वाळू मात्र चुकूनही घालू नका, तिच्यात गाळ असतो, पाणी पडले की दगडासारखी घट्ट बसते. त्याचे स्वतःचे मात्र आठ दिवस धुळ्याला एका मैदानाचे काम होते. ते उरकून येईन, तोवर आजींना यावर चालू देऊ नका, एवढे बजावून तो गेला.

चालू न देण्याची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी साडेपाचला आवाज आला नाही. मी जागीच होते. खराटा कोपऱ्यात उभा होता आणि आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. लेकीच्या घरी येऊन मी नुकसान करून ठेवले, एवढेच ती म्हणाली. मी तिला सांगितले की चूक माझी आहे, मी तुला वाळूचे सांगितलेच नाही. ते खरे होते. पण खरे सांगूनही तिच्या चेहऱ्यावरचे काही हलले नाही. अंगणात नको तर घरातल्या घरात चाल, म्हटले तर पाय दुखतो म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिच्या घोट्यावर सूज दिसली. मी बोटाने दाबली तर खळगा तसाच राहिला. न्हाणीघरापर्यंत जायला तिने काठी मागितली, आणि काठी तिच्या हातात देताना मला कळले की मी इतके दिवस भलत्याच गोष्टीला भीत होते. ती पडेल याची मला धास्ती होती. ती उठणारच नाही, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

चौथ्या दिवशी मी आठ दिवसांची वाट पाहायचे सोडून दिले. पहिली गोणी ओढत अंगणात आणली, जुनी चादर पसरली आणि स्वयंपाकघरातली चाळणी घेऊन बसले. वाळू चाळणीतून उतरेचना. मी हलवत राहिले, धूळ नाकातोंडात गेली, चादरीवर चिमूटभर पीठ पडावे तशी काळी भुकटी पडली. दाराशी काठीचा आवाज झाला.

"पोरी, ते पीठ शे का?"

आई उंबऱ्यात उभी होती. मी काही बोलायच्या आत तिने गहू चाळायची मोठी चाळण कुठे आहे ते सांगितले, खुर्ची कुठे ठेवायची ते सांगितले, आणि मी चाळण आणेपर्यंत ती खुर्चीत बसून पदर खोचत होती. मांडीवर चाळण धरून तिने मनगटाला जो गोल झोका दिला, तो मला कधी जमला नाही. वाळू सरसर उतरली. पाने, केस, काड्या मधोमध गोळा झाल्या. मी फक्त भरत आणि उचलत राहिले. मग बादलीत धुणे: पहिले पाणी चहासारखे, दुसरे ताकासारखे, चौथ्याला कण दिसू लागले. गच्चीवर एप्रिलच्या उन्हात पसरलेली वाळू दुपारपर्यंत इतकी तापली की मूठ धरवेना. संध्याकाळी ती बोटांतून सुटताना बारीक किणकिणत होती.

कारागिराला मी फोन करून रीत विचारून घेतली. आधी पाती ज्या बाजूला कलली आहेत तिच्या उलट ब्रश मारून ती उभी करायची, मग पातळ थर भुरभुरायचा, पुन्हा उलट ब्रश, पुन्हा थर. घाई केली तर वाळू वरच अडकते. सुरकुती ताणून मी त्याने सांगितलेला डिंक जोडाखाली भरला, वर विटा ठेवल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी भिंतीकडच्या कडेपासून सुरुवात केली. ब्रश ताठ होता आणि माझे हात चुकत होते. वाळूचे ढीग इकडे, मोकळी पाती तिकडे. आई दारातल्या खुर्चीतून बघत होती. गप्प राहायचा तिला त्रास होतो आहे, हे मला दिसत होते.

मग ती उठली. काठी न घेता. मधला भाग अजून सैल होता. मी आडवी आले तर ती म्हणाली की भिंतीकडचा पट्टा तू भरला आहेस ना, मी त्यावरच उभी राहीन. तिने ब्रश घेतला आणि आतून बाहेर नव्हे, बाहेरून आत, आपल्याकडे ओढत झाडू लागली.

"हाई उलटं झाडनं शे," ती स्वतःशीच म्हणाली.

उलटे झाडणे तिला अवघड जात होते. हात सवयीने बाहेर निघायचा, मध्येच थांबायचा, परत यायचा. दोन सकाळी आम्ही पट्ट्यामागून पट्टा भरत गेलो. मी वाळू भुरभुरायची, ती मुळाशी पोचवायची. दर पट्ट्याला ती माझ्याकडून आगकाडी मागून खुपसून बघायची. कमी पडलेली वाळू कारागिराच्या दुकानातून एक पिशवी आणली. तिसऱ्या दिवशी पाती उभी होती. दव पडल्यासारखा थंडपणा होता, आणि पायाखाली वाळू दबताना हलका करकर आवाज येत होता.

आई म्हणाली, चालून बघते. भिंतीला न धरता, मधून, जोडावरून. मी तिचा दंड धरला. दोन पावले गेली. तिसऱ्याला ती थांबली.

"हात सोड," ती म्हणाली. "तुन्हा हात थरथरस. मी पडसु."

मी हात सोडला. ती पुढे गेली, सावकाश, टाच आधी, मग बोटे, सुरकुती होती त्या जागेवरून, पट्टीच्या टोकाच्या भिंतीपर्यंत. तिथे तिने तळहात टेकला आणि श्वास घेतला. आता तिला वळायचे होते. चालण्यात वळणेच सर्वांत कठीण, असे डॉक्टर म्हणाले होते. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून जागेवर उभी राहिले. तिने भिंतीवरचा हात काढून घेतला होता.