मूळप्रतीचा क्लच

पडदा वर जातो. सकाळची वेळ, गॅरेजचा अंतर्भाग. मधोमध लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली एक जुनी मोटार, फिकट निळी, आरशासारखी पुसलेली. तिच्या पोटातून उतरवलेला गिअरबॉक्स शेजारी गोणपाटावर. डाव्या अंगाला मिस्त्री, कोपरापर्यंत काळा. उजव्या अंगाला, तेलाच्या डब्यावर रुमाल अंथरून बसलेला आमचा मूळप्रत. हातात क्लचची झिजलेली प्लेट, आणि चेहरा असा, की घरातलंच कुणीतरी आत ऑपरेशनला नेलंय.

मूळप्रत हे त्याचं नाव नव्हे, ती आमच्या नाटक कंपनीने त्याला दिलेली पदवी. तो प्रॉम्प्टर होता. विंगेत स्टुलावर बसायचा, मांडीवर संहिता, आणि लेखकाने लिहिलेला शब्द म्हणजे त्याला दगडावरची रेघ. एकदा मरणाच्या प्रवेशात मला एक वाक्य ऐन वेळी सुचलं. मी ते टाकलं, टाळ्या पडल्या, मी डोळे मिटले. पण विंगेतून याचं फुत्कारणं चालूच! "मूळ वाक्य राहिलं! मूळ वाक्य!" शेवटी उठून मूळ वाक्य म्हणावं लागलं. त्या प्रयोगात माझा राजा दोनदा मेला, आणि दुसऱ्यांदा लोक हसले.

कंपनी मिटली तेव्हा मालकांची ही गाडी त्याने घेतली. मग जुन्या गाड्यांच्या मंडळाचा तो सभासद झाला. हे मंडळ म्हणजे बघण्यासारखी गोष्ट. तिथे गाडी किती चालते हा प्रश्न असभ्य समजतात. सभासद गाडीला दुलईत ठेवतात, प्रदर्शनाला ट्रकवर चढवून आणतात आणि एकमेकांच्या बॉनेटखाली भिंग घेऊन वाकतात. सगळे भाग मूळचे निघाले तर नाकावर लावायला पितळेचा बिल्ला मिळतो: ‘अस्सल’. मूळप्रतच्या गाडीला तो होता. रोज सकाळी तो आधी बिल्ला पुसायचा, मग चष्मा.

आता क्लच घसरू लागला होता. तरी त्याने तो उघडायला दिला यामागे होती अक्का, म्हणजे त्याच्या बायकोची थोरली बहीण. अक्का टेकडीवर राहते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती उतरत नाही. तिने ही गाडी आजवर खिडकीतून खाली पाहिलेली, म्हणजे नुसता टप पाहिलेला. परवा तिने ऐंशीत पाऊल टाकलं आणि बहिणीला म्हणाली, "मला काही आणू नकोस. त्या निळ्या गाडीतून एकदा गाव दाखव." वहिनींनी शब्द देऊन टाकला. रविवारचा.

"काका," मिस्त्री म्हणाला, "प्लेटचं अस्तर गेलंय, प्रेशर प्लेट सैल, बेअरिंग कण्हतंय. तिन्ही नवीन टाकू. गिअरबॉक्स उतरवण्यातच सगळी मेहनत आहे. ती झालीये."

"मालकांच्या वेळची प्लेट आहे ही."

"मालक तरी कुठे राहिले, काका?"

मी हसलो. मूळप्रतने माझ्याकडे असं पाहिलं, की मी खोकला काढला.

"हीच परत बसवली, तर चालेल का?"

मिस्त्रीने प्लेट उजेडात धरली. "सपाट रस्त्याला चालेल थोडे दिवस. चढाला नाही."

"चालेल म्हणतोस ना? मग हीच बसव."

तीस वर्षं ज्याने कुणाला एक काना गाळू दिला नाही, त्या माणसाने माझ्यादेखत मिस्त्रीचं आख्खं वाक्य कापलं. मी ते त्याला सुचवायला हवं होतं. पण प्रॉम्प्टरला प्रॉम्प्टिंग करायचं, म्हणजे जीभ जरा अडते.

रविवार उजाडला. वहिनी ठेवणीतली साडी नेसून पुढे, मी मागे. सपाटीवर गाडी राणीसारखी चालली. टेकडीच्या दुसऱ्या वळणावर मात्र इंजिनाने टिपेचा सूर लावला आणि चाकं ढिम्म. आतून जळकट वास. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक बाई आमच्या पुढे गेली. मग काठी टेकणारे एक आजोबा पुढे गेले. जाता जाता त्यांनी आपुलकीने विचारलं, "ढकलू का?"

मग गाडी मागे सरकू लागली.

"अहो," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तुमची गाडी मूळ जागी निघाली."

त्याने हँडब्रेक ओढला. मी उतरून मागच्या चाकाला धोंडा लावला. वहिनी उतरल्या, पदर खोचला आणि मागे न बघता चढ चढू लागल्या.

मूळप्रत स्टिअरिंग धरून बसून राहिला. वर खिडकीत अक्का दिसत होती. केसात फूल, हातात पर्स. तिने आम्हाला पाहून हात हलवला. तिला वाटलं असेल, दम खायला थांबलेत.

"तयार होऊन उभी आहे रे," तो म्हणाला.

"हो."

"मिस्त्री शेवटी काय म्हणाला होता?"

"चढाला नाही, म्हणाला."

"ऐकलं होतं मी ते," तो म्हणाला आणि खाली बघू लागला.

गाडी दोरीने बांधून गॅरेजात नेली. मिस्त्रीने ‘मी सांगितलं होतं’ हे तोंडाने म्हटलं नाही. ते त्याने पाने जोरात आपटून म्हटलं. तिन्ही भाग नवीन पडले. त्याच संध्याकाळी मूळप्रत मला घेऊन मंडळाच्या अध्यक्षांकडे गेला. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडातले झिजलेले भाग काढायचे आणि नवे बसवायचे, हाच त्यांचा धंदा. पण गाडीत नवा स्क्रू दिसला तर त्यांना घेरी येते.

"क्लच?" डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. "अहो, तो आत असतो. कोण बघतंय? माझ्याही गाडीत... असो. बोलू नका कुठे."

"मी आयुष्यभर आतच बसलोय, डॉक्टर," मूळप्रत म्हणाला. "मला आतलंच दिसतं."

बिल्ला त्याने स्वतः उचकटून आणला होता. टेबलावर कवळ्यांचे नमुने मांडलेले, त्यांच्यात तो ठेवला. परतताना गाडीच्या नाकावर दोन भोकं तेवढी उरलेली. त्यांच्याकडे न बघायचा त्याने फार प्रयत्न केला.

पुढच्या रविवारी पुन्हा तीच टेकडी, तेच वळण. मी धोंडा शोधूनच ठेवला होता. त्याने गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी अशी सरसर चढली की वहिनींनी कपाळावर येणारी बट धरली. अक्काला आम्ही तिघांनी मिळून पुढच्या सीटवर बसवलं. तिने सीटवरून, डॅशबोर्डवरून हात फिरवला. उतारावरून उतरलो, बाजार दाखवला, तिची जुनी शाळा दाखवली, आणि येताना पुन्हा तो चढ.

वर पोहोचल्यावर अक्का उतरेचना. डोळे भरून आले होते. म्हणाली, "भाऊजी, काय हो तुमची गाडी! अगदी नव्यासारखी चालते."

आम्ही सगळे हसलो. मूळप्रत हसला नाही. शेवटी विंगेतला माणूस, चुकीचा शब्द त्याच्या कानाला टोचला. त्याने इंजिन बंद केलं आणि समजुतीच्या सुरात दुरुस्ती केली.

"नव्यासारखी नाही, अक्का. आत तीन भाग नवीनच आहेत. ते चालतात, बाकीची गाडी त्यांच्या मागून येते."