खेळाडूला आधी विचारतात

आमचे भिकू पाष्टे गुहागरचे वेल्डर. सौदीतल्या अबकैकच्या कामगार कॅम्पात त्यांना अकरा वर्षं झाली. बास्केटबॉलचं वेड लावलं खोलीतल्या फिलिपिनो रोमेलनं. एकदा अमेरिकेतल्या लीगमध्ये एका खेळाडूला दुसऱ्या संघाला द्यायचा सौदा अडला.

"का रे?" भिकूंनी विचारलं.

रोमेल म्हणाला, "करारातलं शेवटचं वर्ष खेळायचं की सोडायचं, ते तोच ठरवतो. मोसम संपल्यावर उन्हाळ्यात तो निघून गेला, तर नव्या संघाच्या हाती काय? म्हणून आधी त्यालाच विचारतात."

"त्यालाच?" भिकूंनी तीनदा खात्री करून घेतली.

पुढच्या आठवड्यात फोरमन म्हणाला, "पाष्टे, रविवारपासून तुम्ही हफ्र अल बातिनच्या साइटवर."

"मी तिकडे राहीन का, ते कुणी विचारलं?"

फोरमन हसत सुटला. भिकूंनी मात्र मुंबईत एजंटासमोर न वाचता सही केलेला करार त्या दिवशी पहिल्यांदा उघडला.